खुर्ची नसलेली खोली

साहेबांच्या कंपनीत बैठकीच्या खोलीत खुर्ची म्हणून नव्हती. छातीएवढं उंच टेबल, भिंतीला पांढरा फळा आणि भोवती ताटकळलेली माणसं. पाय दुखायला लागले की माणूस मुकाट्यानं मुद्द्यावर येतो, असं साहेबांचं म्हणणं. दुकानांतल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांनी असं उभ्याउभ्याच वाढवलं आणि देशोदेशी विकलं. मग काय, भाषणांची बोलावणी सुरू झाली. पोरं विचारायची, "सर, यशाचं गुपित काय?" साहेब म्हणायचे, "खुर्च्या काढून टाका!" टाळ्यांचा नुसता कडकडाट.

ही अक्कल त्यांना आली वडिलांच्या दुकानातून. आप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. दुकानाबाहेर एक बाकडं होतं आणि त्यावर सकाळपासून गप्पांचा फड जमायचा. एकाचा रेडिओ उघडायचा आणि तिघांची रडगाणी ऐकायची, असा आप्पांचा धंदा. "आमचं दुकान त्या बाकड्यानं बुडवलं," हे साहेब भाषणात असं काही रंगवून सांगायचे की लोक पोट धरून हसायचे. एकदा आप्पा स्वतः पहिल्या रांगेत होते. तेही हसले. चारचौघांत दुसरं करणार तरी काय बिचारे?

हे वळण घरातही शिरलं. बायकोशी बोलणं दारात, पायात बूट चढवता चढवता. आप्पांच्या खोलीत तर साहेब उंबरठ्याच्या आत यायचेच नाहीत. "काय आप्पा, बरंय ना? काही हवंय?" "नाही रे, बरंय." संपलं!

अशात एक दिवस आप्पा काठी टेकत टेकत ऑफिसात आले. कधी न येणारा माणूस! साहेबांनी त्यांना सरळ बैठकीच्या खोलीत नेलं. आप्पांनी चारही बाजूंना नजर फिरवली. गुडघे तर केव्हाचेच कामातून गेलेले. शेवटी टेबलाची कड धरून उभे राहिले.

"बाळ्या, जरा बोलायचं होतं."

"बोला ना, आप्पा." आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुद्दाम नाही हो! हाताला सवयच तशी लागलेली.

आप्पा घुटमळले. टेबलावरचा हात सरकला, तशी त्यांनी कड पुन्हा घट्ट धरली. "काही नाही रे. सहज आलो होतो. चालू दे तुझं."

साहेबांनी ड्रायव्हरला सांगून त्यांना घरी पोचवलं. केवढा सुपुत्र!

त्याच आठवड्यात आप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

आता साहेबांनी आप्पांच्या पलंगाजवळ खुर्ची ठेवलीय. कंपनी दुसऱ्यांवर सोपवली, घड्याळ काढून कपाटात टाकलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ ते तिथं बसून असतात. एकच टोचणी. "आप्पा, त्या दिवशी काय सांगायचं होतं? आईबद्दल काही? दुकानाबद्दल? माझं काही चुकलं होतं का?" आप्पा नुसते बघत राहतात. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर वेड्यावाकड्या रेघा उमटतात. साहेब त्या रेघांकडे बघत बसतात आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात. बायकोला सगळं कळतं.

"पुरे करा आता," ती एकदा म्हणाली. "त्यांचा किती जीव खाल? तेव्हाच एक खुर्ची मागवली असती तर..." पुढचं तिनं गिळलं. पण लागायचं तिथं लागलंच.

बोलायला शिकवायला एक बाई येतात. त्यांनी परवा सकाळी हाक मारली, "लवकर या, आज शब्द फुटतोय!"

साहेब धावत आले, खुर्ची ओढून पलंगाला टेकवली आणि कान आप्पांच्या तोंडाजवळ नेला. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली, ते आता कळणार!

आप्पांनी डाव्या हातानं मुलाचं मनगट चाचपलं. घड्याळ असायचं तिथंच बोट ठेवलं. ओठ थरथरले.

"जा... उशीर... होईल."

"मला कुठंच जायचं नाही, आप्पा! हे बघा, मी बसलोय. तुम्ही सावकाश सांगा."

आप्पांनी समजूतदारपणे मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं.