डावा बूट वैजूचा

माझी मैत्रीण वैजू ज्यांच्या हाताखाली काम करायची त्या ब्राउनसाहेबांचा, इथल्या भाषेत हेर ब्राउन यांचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला निघाले होते. "वायायांती आज आली नाही," ते म्हणाले. वैजयंती हे नाव त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. साडेसात म्हणजे साडेसात, अशी ती. म्हणून नऊ वाजता ते स्वतःच तिच्या घरी गेले, घरमालकाकडून किल्ली घेतली, आणि... पुढचं वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडून दिलं. मेंदूत रक्तस्राव झाला, झोपेतच गेली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बत्तीस वर्षांची होती. त्याला आता सात आठवडे झाले. स्टुटगार्टचा तो चढाचा रस्ता उतरून एस-बान, म्हणजे इथली लोकल, गाठताना मी अजूनही मागे वळून पाहते. वैजू नेहमी दोन पावलं मागे असायची, पुढे चाललेल्यांची चाल न्याहाळत.

आम्ही दोघी एकाच वर्षी इथं आलो. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. घरी बोलायचं तर कॉलिंग कार्ड खरवडायचं. दोघीही मेकॅनिकलच्या, मी पुण्याची, ती सांगलीची. सुरुवातीची काही वर्षं त्सुफेनहाउझेन या उपनगरात दोन खोल्या घेऊन राहायचो. मास्टर्स करायचं, मग गाड्यांच्या एखाद्या कंपनीत चिकटायचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल आम्ही कधी बोललोसुद्धा नाही. वरखर्चासाठी मी कॅन्टीनमध्ये भांडी विसळायचे, आणि वैजूला हेर ब्राउन यांच्या कार्यशाळेत झाडलोट करायचं काम मिळालं. हेर ब्राउन बूट बनवतात, पण दुकानात मिळतात तसे नव्हे. ज्यांचा एक पाय आखूड आहे, घोटा वळलेला आहे, मधुमेहानं बोटं गेली आहेत, त्यांच्यासाठी एकेका पायाच्या मापाचे. जर्मनीत त्याचं साडेतीन वर्षांचं रीतसर शिक्षण असतं. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकीचे दिवस उस्तादाच्या हाताखाली.

पहिल्याच आठवड्यात ती घरी आली ती कातड्याचा आणि डिंकाचा वास घेऊन. "अगं, भिंतीवर पायांच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेत, शेकड्यांनी," ती सांगत सुटली. "प्रत्येकावर माणसाचं नाव. एकासारखा दुसरा नाही. आपण कॉलेजात टॉलरन्स टॉलरन्स करतो ना, तो इथं आहे. एक मिलिमीटर चुकला तर माणसाला जखम होते." झाडायचं काम तासाभराचं होतं, पण ती चार-चार तास तिथं थांबू लागली. तिसऱ्या सेमिस्टरला तिनं मास्टर्स सोडलं आणि बुटांच्या त्या शिक्षणाला नाव घातलं.

मी काय म्हणाले ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहिते. "लोक इथं इंजिनिअर व्हायला येतात वैजू, आणि तू चपला शिवणार?" ती चिडली नाही. "चपला नाही, बूट," एवढंच म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

तिचे वडील पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. "मी चार लोकांत काय सांगू?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला, आणि पुढची पाच वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. तिची आई, म्हणजे काकू, फोन आतल्या खोलीत नेऊन हळू आवाजात बोलायच्या. व्हिसा बदलण्यासाठी तिनं चार महिने खेटे घातले. वर्गात ती सगळ्यांत मोठी होती, आणि कातडं कापताना डाव्या अंगठ्याला कायमची खूण करून बसली. मधे एकदा सांगलीला गेली होती, तेव्हा बसस्टँडबाहेर चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपाशी बसून त्यांच्याकडून रापी, कातडं कापायची ती रुंद सुरी, धरायला शिकली. ते तिला म्हणाले होते, "ताई, आमची पोरं यातनं सुटावीत म्हणून मी जन्म घालवला. तुम्हाला हे आवडतंय, कारण तुम्हाला कुणी बसवलं नाही."  "ते खरंच आहे गं," वैजू मला म्हणाली. "पण त्यांचा हात माझ्या उस्तादाच्या हातासारखाच चालतो."

ती परीक्षा पास झाली आणि हेर ब्राउन यांच्याकडेच कामाला राहिली. त्या वर्षी इथल्या गणपतीत मी एका बाईंशी तिची ओळख करून दिली, "ही वैजयंती, हेल्थ सेक्टरमध्ये आहे." वैजूनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि बाईंना म्हणाली, "मी बूट बनवते." परतीच्या वाटेवर तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच...

मग काकांची, वैजूच्या वडिलांची, साखर वाढली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. वैजू रजा टाकून सांगलीला गेली. सोबत फोमची पेटी होती, पाय दाबला की ठसा उमटतो तशी. काका खुर्चीत बसले, तोंड खिडकीकडे. ती जमिनीवर बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि माप घेऊ लागली. टाच, चवडा, जिथं बोटं नव्हती ती जागा. कागदावर रेघ, पुन्हा माप, पुन्हा रेघ. असा तास गेला. मग काका म्हणाले, "कॉलेजात एवढं बारकाईनं ड्रॉइंग कधी काढलं नाहीस." मला हे सांगताना ती हसत होती, आणि मधेच उठून बाल्कनीत गेली. त्या बुटांवर काका रोज संध्याकाळी वाचनालयापर्यंत चालत जाऊ लागले.

तिचे अंत्यसंस्कार इथंच झाले. काका-काकूंना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. महिनाभरानं काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी ती काय करत होती गं? म्हणजे... हातात काम कुठलं होतं?" मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिच्या कार्यशाळेत फक्त दारापर्यंत गेले होते.

परवा शुक्रवारी गेले. हेर ब्राउन यांनी तपकिरी बुटांचा एक जोड टेबलावर ठेवला. शेवटच्या संध्याकाळी डावा पूर्ण करून ती घरी गेली होती. उजवा फर्म्यावर अर्धाच राहिला होता, तो त्यांनी पुरा केला. गिऱ्हाईक त्याच दुपारी न्यायला येणार होतं, म्हणून मी थांबले. सत्तरीच्या एक बाई आल्या. वैजू गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. हेर ब्राउन यांनी आधी बूट त्यांच्या पुढ्यात ठेवले. बाईंनी बूट घातले, काठी टेबलाला टेकवली आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. पुन्हा गेल्या. मग उभ्या राहिल्या आणि खाली पाहत म्हणाल्या, "दोन्ही छान आहेत. पण डावा तिचा आहे, उजवा तुमचा. ती कुठंय?"

हेर ब्राउन यांनी चष्मा काढला. सांगावं लागलं ते मीच सांगितलं.

घरी येऊन सांगलीला फोन लावला. काकांना सगळं सांगितलं, बाईंचं वाक्यसुद्धा, मराठीत.  

"डावा टाचेत घट्ट नाही ना होत त्यांना?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं. "अगदी बरोबर बसलाय."