दिवेकाकांची लांबवलेली दुपार

नाटक कंपनीत सगळे त्यांना दिवेकाकाच म्हणत. रंगमंचावर पहाट करावी तर ती त्यांनीच! उजेड कमीजास्त करणारा डिमर त्यांनी असा काही फिरवावा, की पहिल्या रांगेतल्या माणसाने नकळत शाल सावरावी. खरी पहाट मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. प्रयोग संपवून घरी येत आणि थेट दुपारच्या जेवणालाच उठत. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही.

काकू गेल्या, आणि त्यांचा आवाज उरला तो पोपटाच्या गळ्यात. संध्याकाळी तो हुबेहूब हाक मारी, "अहो, पान वाढलंय!" काका धडपडत उठत आणि रिकाम्या ओट्याकडे बघून स्वतःशीच हसत.

हिवाळ्यात दिवस आखडला. जेवणवेळेच्या आधीच पोपट पिसांत मान खुपसून गप्प होऊ लागला. काकांच्या घशाखाली घास उतरेना. मग त्यांनी माळ्यावरून जुना स्पॉटलाइट आणि त्याचा डिमर काढला, दिव्याला पिवळा कागद लावला आणि झोत पिंजऱ्यावर सोडला. लख्ख दुपार! पोपट फसला, पुन्हा हाका मारू लागला.

महिन्याभरात त्याची छाती उघडी पडली. स्वतःचीच पिसं उपटत होता बिचारा. लेकीने पिंजरा उचलून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला. काका मागोमाग.

"झोपतो का हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजेड असेपर्यंत नाही."

"आणि उजेड कधीपर्यंत असतो?"

काका छताकडे बघू लागले. लेक म्हणाली, "बाबांची मर्जी असेपर्यंत!"

"काका, दिवस मावळला की मावळू द्या. हिवाळा आहे हे त्याच्या अंगाला कळलं पाहिजे. नाहीतर हातचा जाईल."

त्या संध्याकाळी त्यांनी दिवा फटकन विझवला नाही. पाखरू दचकलं असतं. डिमर हळूहळू उतरवत नेला. "अहो..." पोपट म्हणाला, आणि पुढचं अंधारातच राहिलं.

"बाबा, दिवा लावू?"

"इथे नको. स्वयंपाकघरात वाढ."

अंधारात करणार काय? पाखराबरोबर तेही लवकर आडवे होऊ लागले. पोपटाच्या छातीवर कोवळी हिरवी लव दिसू लागली, त्या सुमाराला एकदा त्यांना झुंजुमुंजू असतानाच जाग आली. खिडकीतला उजेड पिंजऱ्यावर चढत होता. पोपटाने अंग फुलवलं आणि काकूंच्या आवाजात, अगदी दबक्या सुरात तो म्हणाला, "हळू बोल रे बाळा. दमून झोपलेत ते."

हे वाक्य काकांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते हलले नाहीत. पोपटाने पुन्हा म्हणावं म्हणून डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.