झेंडू कुणाला घालायचा

'देवाचे आभार मान' असं कुणी म्हटलं की नीलमला वाटायचं, म्हणणाऱ्याच्या तोंडात झेंडूचा बोळा कोंबावा. झेंडूला तोटा नव्हता. शिरूरजवळ घोड नदीच्या काठाला त्यांचं रान, आणि दसऱ्याच्या तोंडावर त्यात पाय ठेवायला जागा नसायची. तोटा झाला होता तो नवऱ्याच्या बोटांना.

ज्ञानेश रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडायचा. पावसाळ्यात एक दिवस तो ठोका पत्र्याबरोबर उजव्या हातावर पडला. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. तेव्हापासून घरी येईल तो शहाणा. कुणी म्हणे, "आख्खा हात गेला आस्ता, तीन बोटांवर भागलं." कुणी म्हणे, "नोकरी तरी ऱ्हायली, लोकांची तीबी ऱ्हात न्हाई." कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये हलकं काम दिलं, तर गावाला कोण कौतुक! सासू, दगडाबाई, तर उठता-बसता तेच घोकायची.

"आत्याबाई, बोटं देवानं नेली का ठेवली, ते एकदा ठरवा," नीलम फणकारायची. "नेली आसली तर मला भांडायचंय त्याच्यासंगं."

आभार मानावेत असा एकच माणूस तिला दिसत होता. लल्लन. ज्ञानेशच्या हाताखाली मशीनवर काम करणारा बिहारचा पोरगा. त्या दिवशी ज्ञानेशला दवाखान्यात घेऊन आला, तेव्हाच काय तो तिनं पाहिलेला. दवाखान्यात भूल उतरता उतरता ज्ञानेशनंच सांगितलं होतं, "लल्लननं पळत येऊन मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं, न्हाईतर कोपरापातूर चेंदा व्हता." नीलम म्हणाली, त्याला घरी जेवायला बोलवा. ज्ञानेश म्हणाला, तो गावी गेला. परत विचारलं तर भिंतीकडं तोंड करून झोपला. नीलमनं नाद सोडला. त्या दिवसांत घर असं तापलेलं होतं की साधा तांब्या ठेवला तरी भांडण पेटायचं.

मग आली खंडेनवमी, हत्यारांच्या आणि मशीनच्या पूजेचा दिवस. सुपरवायझरनं ज्ञानेशला सांगितलं, यंदा प्रेसला हार तुझ्याच हातानं घालायचा, साहेब फोटो काढणार. ज्या मशीननं बोटं खाल्ली त्याला हार! नीलमनं तो ओवला, पण फुलागणिक एक शिवी हासडत ओवला.

आदल्या दिवशी ती पिकअपमध्ये क्रेट भरून दौंडला गेली. तिथं रेल्वेची माणसं पूजेला भरपूर फुलं घेतात. स्टेशनच्या बाहेर एक हमाल तिचे क्रेट उतरवायला पुढं आला. तिनं वर पाहिलं, तर लल्लन.

नीलमचा जीव भांड्यात पडला. गावी गेला नाही, इथंच आहे. नवऱ्याला हे माहीत नसेल, असं तिनं धरलं. प्रेससाठीचा तो मोठा हार वाटेत पुरा करायला तिनं पिशवीत घेतला होता, तोच काढला. "तुमच्यामुळं आमच्या मालकांचा हात ऱ्हायला. मशीनला घालण्यापरीस तुम्हालाच घालते."

लल्लन मागं सरकला. "हार मत डालो, भाभी. जाके अपने आदमी को पूछो."

"काय इचारू?"

"साहब ने माल जादा निकालने के लिए सेन्सर बंद रखवाया था. अंदर हाथ हो तो मशीन रुकना चाहिए, वो रुका नहीं. और तुम्हारा आदमी क्या बोला? बोला, पेडल लल्लन ने दबाया. मुझे निकाल दिया. उसको स्टोअर मिल गया." त्यानं दुसरा क्रेट उचलला. "मैंने बटन दबाया, वो मेरी गलती."

"खोटं," नीलम म्हणाली. पण भिंतीकडं फिरलेली ती पाठ तिला आठवली आणि तिनं हार परत पिशवीत ठेवला.

घरी येऊन तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. "पेडल कुणी दाबलं व्हतं?"

ज्ञानेश भाकरी मोडत होता. तो थांबला. "मीच," म्हणाला. "मग काय करायचं व्हतं? आसला हात घिऊन मला कोण ठेवणार? साहेब म्हणलं, लल्लनचं नाव घे, स्टोअरला घेतो. खरं बोललास तर दोघंबी बाहेर."

"गप ऱ्हा गं," दगडाबाई मधे पडली. "परमुलखाचं पोर ते, त्याला कुठंबी काम मिळंल."

"मिळालंय न्हवं, माझंच क्रेट उचलतंय." नीलमचा आवाज चिरकला. "ज्यानं हात वाचवला त्याच्याच पोटावर पाय दिला, आन् घरात बसून देवाचे आभार मानता? लाज वाटती मला ह्या घरात जेवायची." तिनं हार त्याच्यापुढं आपटला. "उद्या घाला मशीनला. पण समद्यांम्होरं खरं सांगून घाला."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. रानात माझे हात चालत्यात आजून."

ज्ञानेश ताटावरून उठला. सकाळी हार पिशवीत घालून गेला.

नीलम रानात गेली, पण फुलं तुटेनात. बोलायला काय जातं, रागात बोलून गेली. पोरांच्या फिया, सासूच्या गोळ्या, सगळं डोळ्यांपुढं नाचायला लागलं. तो नेहमीच्या वेळेला शिफ्ट संपवून आला तर घर चालणार होतं. तसा आला तर त्याच्या तोंडाकडं बघवणारही नव्हतं. तिला दोन्हीची भीती वाटत होती.

न्याहारीच्या वेळेलाच मोटारसायकल वाजली. ती पळत घरी आली. ज्ञानेश ओसरीच्या पायरीपाशी उभा होता.

"सांगितलं. सेन्सरचं बी, लल्लनचं बी," तो म्हणाला. "गेटवर आणून सोडलं मला."

दगडाबाईनं कपाळावर हात मारला. "समाधान झालं का गं बये? बसवलंस ना लेकाला घरात?"

नीलमनं तांब्या आणला. त्याच्या उजव्या हातावर, त्या तुटक्या बोटांवर पाणी घातलं. आमच्याकडं बायकोनं नवऱ्याचे आभार मानायची रीत नाही. मानलेच तर ते टोचून बोलण्यासाठी.

"लई उपकार झाले तुमचे," ती म्हणाली.

टोमणा आहे का म्हणून ज्ञानेशनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तसा नव्हता. मग तो पायरीवर बसला आणि आईदेखत हुंदके देऊन रडला. ती पाणी घालत राहिली. गप बसा म्हणाली नाही.