द्रौपदीचा नीलपंख

गोराईच्या वाडीत राखणीला आल्यावर द्रौपदीला पहिली ओळख पटली ती एका पाखराची. समोरच्या तारेवर नीलपंख बसला होता. बुलढाण्याकडे, तिच्या माहेरी, त्याला चास म्हणायचे. बसला की मातकट, बावळट दिसणारा. पण झेप घेतली की पंखांतून अशी निळाई उसळायची, की हातातला झाडू थांबायचा.

वाडीच्या कडेला शेंडा गेलेला एक वठलेला माड होता. त्याच्या ढोलीत नीलपंखाची जोडी दर उन्हाळ्यात अंडी घालायची. त्याआधी नर आभाळात उंच चढायचा आणि कोलांट्या घेत, कर्कश ओरडत खाली यायचा. "आली बघा ह्याची लगीनघाई," द्रौपदी नवऱ्याला, भीमराजला, सांगायची.

त्या वर्षी मे महिन्यात वादळाची बातमी आली. माड छपरावर पडेल म्हणून मालकानं तो पाडायला सांगितला. द्रौपदी मुलुंडला लेकीकडे, तेजलकडे गेली होती. पिल्लं एव्हाना उडाली असतील असं धरून भीमराजनं माड आडवा केला, आणि ढोलीतून चिरका आवाज आला. तीन पिल्लं दबून मेली होती. चौथं धडपडत होतं, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या.

द्रौपदीनं आल्या आल्या ते टोपलीत घालून शेजारच्या आंब्यावर बांधलं. आईबाप दिवसभर घिरट्या घालत राहिले, पण टोपलीपाशी काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेही दिसेनासे झाले.

मग तीच त्याची आई झाली. गवतातून नाकतोडे धरून आणायची, घशात सोडायची. काड्या फुटल्या, निळा रंग उमलला. तेजल फोनवर म्हणाली, "आई, आता पिंजरा घे ना एक."

"पिंजऱ्यात घालायला वाढवला का गं त्याला? शिकार करता आली की जाईल तो."

शिकार तिनंच शिकवली. अंगण झाडून लख्ख करायची, मधोमध नाकतोडा सोडायची आणि हाक मारायची, "ये राजा!" कपड्यांच्या दोरीवरून तो झप्पकन खाली यायचा, किडा उचलून वर न्यायचा, आपटून आपटून गिळायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा तिनं भीमराजला ओढत अंगणात आणलं होतं.

पाऊस सरता सरता तो तारेवर राहायला लागला. हाकेला येईना, स्वतःचं पोट भरायला लागला. द्रौपदीला त्यातच भरून पावल्यासारखं झालं.

वाडीसमोरून बीचकडे डांबरी रस्ता जातो. त्यावर नवा दिवा लागला होता. सकाळी त्याच्याखाली किड्यांचा सडा पडलेला असायचा, आणि रस्ता तिच्या अंगणासारखाच मोकळा, साफ.

रविवार होता. बीचला जाणाऱ्या गाड्या सकाळपासूनच सुसाट होत्या. द्रौपदी फाटकात उभी असताना तो तारेवरून खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध किडा टिपायला लागला. वळणावरून गाडी येताना तिला दिसली.

"ऊठ राजा! ऊठ रे!"

आवाज ओळखीचा. त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि तिथंच बसून राहिला.

गाडी थांबलीसुद्धा नाही. भीमराज धावत आला तेव्हा द्रौपदी रस्त्यावर बसली होती आणि पदरात ते ऊनऊन अंग होतं. एक पंख उलगडून राहिला होता. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. त्यानं तिला खांद्याला धरून उठवलं.

आंब्याखाली त्यांनी त्याला पुरलं. माती लोटताना भीमराज म्हणाला, "मी तो माड तोडला नसता तर..."

"तुम्हाला मालकानं सांगितलं होतं, तुम्ही तोडला," द्रौपदी म्हणाली. "साफ जमिनीवर उतरायला मी शिकवलं. आणि हाकही मीच मारली. माझा आवाज नसता ना, तर उडाला असता तो."

दुपारची भाकरी तशीच झाकून राहिली.

द्रौपदी अजून वाडीतच आहे. झाडांना पाणी घालते, नारळ सोलते, तेजलशी फोनवर बोलते. फक्त फाटकातून बाहेर पडत नाही. बाजाराला जायचं झालं की मागच्या बांधावरून, चिखल तुडवत, लांबच्या वाटेनं जाते.