कपाटातला शर्ट

बेळगावच्या कडेला, जिथं परवापर्यंत ऊस होता आणि आता तीन मजली घरं उभी आहेत, तिथं मला वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. एकट्या मुलीला खोली दाखवताना माणसं आधी तिच्या गळ्याकडे बघतात. गळ्यात काही नसलं की खोली 'कालच गेली' असते. ही घरमालकीण मात्र हो म्हणाली. चिकोडीकडचं जैन कुटुंब, खाली ती आणि तिचा नवरा. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. खोलीत अंडं शिजवायचं नाही, उशीर झाला तर कळवायचं आणि आईचा नंबर द्यायचा, एवढ्याच तिच्या अटी.

मी नंबर दिला. औषधांच्या गोदामातली नोकरी नवी होती. निपाणीहून निघतानाच आई म्हणाली होती, जमलं नाही तर परत ये, मामानं स्थळ बघून ठेवलंय. खोली गेली असती तर पुढचं सगळं ठरलेलं होतं.

महिनाभरात मला खोलीत कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायला लागलं. भिंतीशी ठेवलेली उशी संध्याकाळी दाराकडे सरकलेली असायची. खाटेखाली मी सुट्टीच्या दिवशी वाटायची त्या पत्रकांचा गठ्ठा होता: कंत्राटी कामगारांची, वीजबिलांची, सरकारी कागद मराठीतही मिळावेत म्हणून काढलेली. त्याची सुतळी मी बांधते तशी नव्हती. दुसरी किल्ली आक्काकडेच होती. नवरा-बायको खाली कानडीत बोलू लागले की मी जिन्यात थांबायची. मला कानडी येतं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते बहुतेक वेळा शेंगांच्या भावाबद्दल बोलायचे. तरी मी थांबायची. ही माणसं माझी पत्रकं कुणाला तरी दाखवणार, याची मला खात्रीच होती.

शेवटी मी बाजारातून पुरुषाचा एक निळ्या चौकड्यांचा शर्ट आणला आणि कपाटात तळाशी, ओढण्यांच्या खाली ठेवला. वाटलं, आक्का चिडून वर येईल, मग सोक्षमोक्ष लावू.

आक्का आली नाही. आईचा फोन आला.

"तुझ्या कपाटात शर्ट कुणाचा गं?" जेवलीस का, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

"कसला शर्ट?"

"निळा. चौकड्याचा. बापयाचा."

"माझाच हाय. बाजारातनं आणलाय. पण तू कवा आलतीस माझ्या खोलीत?"

तिनं फोन ठेवून दिला.

मी तशीच खाली गेले. ऊन अजून अंगणात होतं, पण आक्काची रात्रीची जेवणं उरकली होती. ती ताटं उचलत होती.

"व्हय, बघितलं मी," ती म्हणाली. "तुझी आई रोज फोन करती. लेकीवर जरा ध्यान ठेवा म्हणती. न्हाय ठेवलं तर उद्या मलाच बोलंल."

"म्हणून माझ्या मागं कपाट उघडायचं?"

"तुझ्या म्होरं उघडू दिलं असतंस व्हय?" ती हसली, मग गंभीर झाली. "तुझ्या आईच्या भरवशावर खोली दिली, तुझ्या न्हाय. आईनं नगो म्हटलं तर न्हाय बघणार. तुला पटत नसंल तर खोली मोकळी कर."

रविवारी आई आली. ती तंबाखूच्या वखारीत काम केलेली बाई. सुट्टी झाली की फाटकावर बायकांची झडती व्हायची, पदर झाडून दाखवावा लागायचा. त्याविरुद्ध तिनं भर चौकात पत्रकं वाटली होती. आमच्या घरात तेव्हा दुसरं छापील काही नव्हतं. 'झडती बंद करा' या ओळीवरच मी अक्षरं जुळवायला शिकले.

"फाटकावर पदर झाडायला लावायचे तवा तू काय केलतंस?" मी विचारलं.

"ते मालकाचं माणूस हुतं. मी आई हाय."

"मालकालाबी असंच वाटायचं, ह्या बायका आपल्याच हाईत म्हणून."

ती खाटेवर बसली. "एकट्या पोरीबद्दल लोक काय काय बोलत्यात, तुला ठावं न्हाय."

"त्यांच्या आधी तूच विचारलंस, शर्ट कुणाचा."

तिनं खिडकीबाहेर नव्या इमारतीच्या सळ्यांकडे बघितलं. मग उठून जिन्यात गेली.

"आक्का, हिच्या खोलीत आता नगा जाऊ. मीच सांगितलंतं, मीच नगो म्हणतोय."

"बघा हं. उद्या काय झालं तर मला बोल लावायचा न्हाय."

"न्हाय लावत."

खोली राहिली. किल्ली आक्कानं दिली नाही, आणि खाली फोन वाजला की माझे कान अजून तिकडेच जातात.

त्या रविवारी आई जिन्यातून परत आत आली आणि बोलता बोलता तिनं कपाट उघडलं. हात ओढण्यांकडे गेला.

"आई."

"घड्या मोडल्यात गं नुसत्या."

"मोडू देत."

तिनं हात मागं घेतला. मग तिनं कपाटाचं दार लावलं, नुसतं लोटून नाही, कडी घालून.