एरहूच्या जुन्या तारा

ह्यांच्या बँकेने आम्हाला साताऱ्याहून जयपूरला पाठवलं, ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिथे सोडाला भागात आमच्या शेजारी दातांचे एक चिनी डॉक्टर राहत, जन्माने कलकत्त्याचे. एकदा आठवडाभर बहिणीकडे जाताना त्यांनी आपलं एरहू, गजाने वाजवायचं चिनी वाद्य, आमच्याकडे ठेवलं. त्यांच्या घरात उंदीर फार. "भाभीजी, बस सँभालकर रखना," एवढंच म्हणाले.

या वाद्याची कुळकथा त्यांनी मला पूर्वी सांगितली होती. फार जुन्या काळी उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांकडून ही जात चीनमध्ये आली. लांब दांडी, तळाशी छोटा लाकडी डबा, त्याच्या तोंडावर अजगराची कातडी. तारा दोनच, रेशमाच्या. त्यांच्याखाली पट्टी नाही. बोट अधांतरीच तारेवर टेकवायचं. डॉक्टरांना वाजवताना मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. लाजत असतील, म्हणून विचारलंही नाही.

मधेच खंडेनवमी आली. विळी, शिवणयंत्र, स्कूटर, सगळं पुसून पूजेला मांडलं. मग घरात आलेलं वाद्य कसं वगळायचं? पुसायला घेतलं तर गजाचे, म्हणजे तारांवर घासायच्या काठीचे, केस दोन तारांच्या मधे अडकलेले. गुंता दिसला की माझे हात शिवशिवतात. खुंटी पिळली, एक तार सोडवली, गज बाहेर काढला. तारांना उचलून धरणारी इवलीशी लाकडी घोडी टपकन पडली. तार परत ताणायला गेले, तर ती तटकन तुटली.

डॉक्टर परवा यायचे होते. "नसता उपद्व्याप कोणी सांगितला होता?" हे म्हणाले. खरं होतं, म्हणून मी जास्तच संतापले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता त्या माणसाला तोंड कसं दाखवू?

सकाळी एरहू घेऊन, रिक्षा करून जुन्या शहरात सारंगी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांकडे गेले. त्यांनी गज नुसता उलटसुलट करून पाहिला. केसांना दोन्ही बाजूंनी राळ लागलेली होती. "बहनजी, यह तो बीच में ही रहता है," ते हसले. "इधर से एक तार, उधर से दूसरा." त्यांनी दोन्ही तारा काढून नव्या पोलादी तारा चढवल्या. असा गोड सूर निघाला की मला रडूच आलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

डॉक्टर आले, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एक तार बोटाने छेडली. "बढ़िया है," म्हणाले. मग विचारलं, "पुराने तार?"

त्या तर मी उस्तादांकडेच टाकून आले होते.

"मुझे बजाना नहीं आता, भाभीजी. वो पिताजी के हाथ के बँधे थे. मैंने कभी ढीले नहीं किए."

मी तशीच चपला अडकवून निघाले. उस्तादांच्या दुकानातला केर सकाळीच गेला होता. परत आले तेव्हा डॉक्टर आपल्या घरी गेले होते. एरहू आमच्याच खुर्चीवर ठेवलेलं होतं.