पाच धडधाकट कारखान्यांची शोकसभा

कप आधी खाली ठेवा बघू. नंतर अंगावर सांडला तर मला बोलायचं नाही. तर, मी एकदा भरल्या सभागृहात पाच धडधाकट कारखाने मारले. हो, मीच! जिला साधं झुरळ मारवत नाही, तिने!

सिंगापुरात जुरोंग ईस्टला एका जपानी मोटार कंपनीच्या ऑफिसात मी कंत्राटावर होते. काम आयटीचं. गाड्यांशी संबंध इतकाच, की लिफ्टमध्ये एका गाडीचं पोस्टर होतं. महिनाअखेर कंत्राट संपत होतं. नोकरी पक्की झाली नाही तर माझा वर्क पास जाणार, पास गेला की क्लेमेंटीचा फ्लॅट आणि लेकीची शाळा दोन्ही जाणार, आणि आम्ही बोचकी बांधून परत पुण्याला! नवरा मरीन इंजिनियर, कायम बोटीवर. त्याला काय, कुठूनही समुद्रच दिसतो. झोप उडाली होती ती माझी!

आणि एक दिवस आमची बॉस, मिस तान, माझ्या टेबलाशी आली. सिंगापुरी पद्धतीप्रमाणे तिच्या बोलण्याला 'लाह'ची शेपटी असतेच.

"मोरी-सान कमिंग फ्रॉम जपान. यू टॉक सो मच, यू प्रेझेंट, लाह! मी मग एचआरशी तुझ्याबद्दल बोलते."

मोरी-सान म्हणजे कंपनीचे भीष्माचार्य. जपानबाहेर कंपनीचे कारखाने उभे करणारा माणूस. त्यांच्यासमोर मी त्या कारखान्यांचा इतिहास सांगायचा! मिस तानने जुन्या फोटोंचा एक गठ्ठा दिला. पाच देश, पाच कारखाने, आणि प्रत्येक फोटोखाली छापलेलं: नॉक-डाउन प्लान्ट.

आता तुम्हीच सांगा, नॉक डाउन म्हणजे काय? पाडलेला! आणि सिंगापुरात पाडापाडीचं कोणाला कौतुक? आमची आधीची बिल्डिंग पाडली, तिच्याखालचं खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर पाडलं, माझा डोसेवाला कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. तरी मी विचारून खात्री केली. बेजबाबदार नाही हं मी!

"ऑल फाइव्ह नॉक-डाउन?"

"ऑल, लाह!" मिस तान नूडल्स खाता खाता म्हणाली. "दोज डेज ऑल सेम-सेम."

"थायलंडसुद्धा?"

"थायलंड फर्स्ट!"

अगं बाई! पहिलाच गेला?

पुढचे फोटो बघते तर काय! गाड्या 'कम्प्लीटली नॉक्ड डाउन' अवस्थेत बंदरात पोचल्या. एका ठिकाणी 'सेमी'. म्हणजे अर्धमेल्या! कारखाने पाडलेले, गाड्या चेपलेल्या. ही कंपनी जगली कशी? मी थेट बोटीवर फोन लावला.

"अरे, या जपानी गाड्या बोटीवर नॉक डाउन होतात का रे?"

"म्हणजे काय! मी स्वतः नेल्यात. खोकीच्या खोकी. नुसते सुटे भाग गं!"

"आणि हे तू हसत सांगतोस?"

"मग काय रडू?"

लाइन तुटली. मला मात्र भरूनच आलं.

संध्याकाळी लेकीला, ईराला, कंप्युटरसमोर बसवलं. तिने पाचही कारखान्यांच्या फोटोंना सुरेख झेंडूचे हार घातले. थायलंडच्या फोटोत कारखान्यापुढे एक हडकुळा तरुण दात काढून उभा होता. हार नेमका त्याच्याही गळ्यात पडला.

"आई, धिस अंकल हाऊ?"

"असू दे. कारखान्याबरोबर तोही गेला असेल बिचारा."

कार्यक्रमाला मी पांढरा सलवार-कुर्ता घालून गेले. पहिल्या रांगेत मोरी-सान, ताठ आणि तुरतुरीत. मी आवाज जड केला. थायलंडचा कारखाना ऐन उमेदीत कसा कोसळला, त्याच्या मागोमाग मलेशियाचा, मग पुढचा... पाचव्यानंतर मी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. आणि सगळे उभे राहिले हो! जपानी मंडळी तर कमरेत वाकली. एसीचा तेवढा आवाज. माझ्या डोळ्यांपुढे पक्क्या नोकरीचं पत्र तरळायला लागलं.

मोरी-साननी हळूच हात वर केला.

"एक्सक्यूज मी. थायलंड फॅक्टरीत मी शुक्रवारी जेवलो. ती पडली कधी?"

त्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांच्या सेक्रेटरीने तोवर थायलंडला फोन लावून स्पीकरवर टाकलासुद्धा.

"हॅलो! बिल्डिंग ओके?"

"ओके, ओके! लंच टाइम. टुडे चिकन!"

मिस तान माझ्या कानाशी येऊन फिस्कारली, "नॉक-डाउन म्हणजे गाडी सुटी करून खोक्यातून पाठवायची आणि तिकडे जोडायची! जिथे जोडतात तो नॉक-डाउन प्लान्ट! नथिंग फॉल डाउन, लाह!"

धरणीमाते, पोटात घे! पण सभागृह विसाव्या मजल्यावर. धरणी येणार तरी कुठून?

मी माइकवर सगळं कबूल केलं. सभागृह असं हसलं की एसी ऐकू येईना. हसले नाहीत ते फक्त मोरी-सान. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"तो मुलगा मी आहे. गळ्यात फुलं का?"

मेले! जिवंत माणसाच्या फोटोला हार, आणि माणूस समोर बसलेला! मग जे सुचलं ते ठोकून दिलं.

"सर, आमच्याकडे फोटोला हार हा सगळ्यात मोठा मान!"

खोटं काय त्यात? मान मोठाच असतो. फक्त घ्यायला माणूस नसतो.

मोरी-सान उठले, वाकले, आणि चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "माझ्या कारखान्यांसाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी नोकरी पक्की! अट एकच. थायलंडला जाऊन, कारखाना उभा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं.

गेले. दारातून आत शिरले. समोरच्या भिंतीवर माझा हा एवढा मोठा फोटो, चौकटीत! त्याला खऱ्या झेंडूचा हार! खाली सगळे कामगार माना खाली घालून स्तब्ध उभे. दोन मिनिटं! माझ्यासाठी! माझ्याच समोर!

"मोरी-सान टेल अस," मॅनेजर कौतुकाने म्हणाला. "हायेस्ट ऑनर!"

मी हसत हसत त्या हारासकट चौकटीचा फोटो काढून ईराला पाठवला आणि वर लिहिलं, आता आई कंत्राटावर नाही, पक्की! ईराच्या आनंदाला पारावार नाही. तिने फोटो लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ: "आई नो मोअर कॉन्ट्रॅक्ट, लाह!"

पहिल्या तीन शब्दांपुढे वाचतो कोण?

लगेच माझ्याच मोबाइलवर पुण्याहून आत्याचा फोन. हुंदक्यांवर हुंदके.

"हॅलो... कोण बोलतंय?"

"आत्या, मीच बोलतेय गं."

हुंदके थांबले.

"तू? मग हार घातलेली ती कोण?"

"तीही मीच गं आत्या. गेले नाहीये, नुसती नॉक डाउन झालेय. सुटे भाग घेऊन दिवाळीला येते, तेवढे जोडून घे!"